नऊजणींचे ओक

बुटात खडा गेला होता, एवढंच. ऑगस्टातली मंगळवारची सकाळ होती. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून औषधाच्या दुकानाकडे निघालो होतो आणि नेहमीसारखा चर्चच्या आवारातून आडवा चाललो होतो. पायऱ्यांजवळच्या ओकला डावा हात टेकवला, उजवा बूट काढून झटकला आणि मोज्यातला पाय खाली टेकवताना बोटं बुंध्याला लागली. लागली आणि तिथेच थबकली. बुंधा सरळ होता. दिव्याचा खांब फरशीत शिरतो तसा सरळ जमिनीत गेलेला. बाकीच्या आठ झाडांभोवती सालीच्या भुग्याचे गुडघाभर ढीग आहेत. आमच्या बायकांचं मंडळ दर ईस्टरला ते घालतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. पण या झाडापाशी मागच्या आठवड्यात पाण्याची नळी दुरुस्त करायला खणलं होतं, ढीग उपसून बाजूला टाकला होता, त्यामुळे कित्येक वर्षांनी याचा बुंधा उघडा पडला होता. माझं वय सहासष्ट. त्यातली एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या घरांपुढे, बँकांपुढे, दवाखान्यांपुढे कुठलं झाड लावायचं ते निवडण्यात घालवली आहेत. मला कुणी काही समजावून सांगायला नको होतं. ओकचं खोड जमिनीशी आलं की रुंदावतं, त्याची मुळं चारी बाजूंना फाकतात, आणि त्याला आम्ही पाय म्हणतो. पाय दिसला नाही की समजायचं, झाड खोल गाडलंय. एक बूट हातात धरून मी तिथेच खाली बसलो आणि बोटांनी माती उकरली. वीतभर खाली मनगटाएवढं मूळ खोडाला वेढून गेलेलं सापडलं, सुजलेल्या बोटात रुतलेल्या अंगठीसारखं. मी माती परत लोटली, बूट चढवला आणि गोळ्या न घेताच घरी आलो.

असं झाड आजारी दिसत नाही, हीच तर मेख आहे. पानं हिरवीगार, फांद्या भरलेल्या, खारी वरखाली पळतायत, आणि खाली गळ्याभोवतीचा फास दर वर्षी थोडा थोडा आवळत चाललेला. मग एखाद्या दुपारी वारा नाही, पाऊस नाही, काही नाही, आणि झाड जमिनीपाशी कट्‌कन मोडून आडवं होतं. मी एकदा पाहिलंय. एका बँकेपुढे, दुपारी दोनला. खाली गाडी होती, गाडीत सुदैवाने कोणी नव्हतं. आमच्या झाडांखाली मात्र कोणी नसतं असा रविवार नसतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी तर गाव सोडून गेलेले सगळे परत येतात, झाडांखाली लांबच लांब टेबलं लागतात, तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याची भाकर, रताळ्याची गोड पाई, आणि दोनशे माणसं सावलीत जेवायला बसतात. पोरं तर सबंध दिवस बुंध्यांनाच चिकटलेली असतात. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी दिवस मोजले. सव्वीस. आणि मोजता मोजता चोवीस वर्षांपूर्वीचा तो शनिवार समोर उभा राहिला, ही झाडं लावली तो. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. विसरायला झालं असतं तर बरं झालं असतं. गेली चोवीस वर्षं मी त्या झाडांखाली जेवलो, पण कधीही बुंध्याला पाठ लावून बसलो नाही, आणि असं का ते व्हर्लीनने, माझ्या बायकोने, कधी विचारलं नाही.

तीच माझ्याबरोबर होती ना झाडं निवडायला. चर्च ज्यांनी उभं केलं त्या नऊजणी तेव्हा जिवंत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची धुणी धुतलेल्या, दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बायका. सगळं चर्च त्यांना मदर म्हणायचं. प्रत्येकीच्या नावाने एक ओक लावायचा ठरलं आणि निवड अर्थातच माझ्याकडे आली. मी मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, पांढरा ओक लावू, दोनशे वर्षं हलणार नाही. तर मदर हेस्टर मॅब्री हसली आणि म्हणाली, "ऑस्बर्न, मी ब्याऐंशीची आहे. तुझा तो पांढरा ओक सावली देईल तेव्हा मी कुठे असेन ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मला जिवंतपणी सावली दे." मग विलो ओक ठरला. बारीक पानांचा, भराभर वाढणारा, गावातल्या निम्म्या रस्त्यांवर असतो तो. मी आणि व्हर्लीन डोंगराकडच्या नर्सरीत गेलो. ओळीच्या ओळी ओकच्या. मी एकेका खोडाला नख मारून हिरवा रस बघत होतो, वर दुफाटा फुटलेली झाडं बाजूला काढत होतो, कारण दोन शेंडे भांडतात आणि पुढे झाड मधोमध फाटतं. पसंत पडलं त्याला फीत बांधायचो आणि उत्तरेच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावायचो, म्हणजे आपल्याकडे आणल्यावरही तोंड त्याच दिशेला राहील, साल उन्हाने भाजणार नाही. एवढी माझी काळजी. व्हर्लीन मागून यायची आणि म्हणायची, हे नको, हे बुटकं आहे, नऊही बहिणी बहिणी दिसल्या पाहिजेत. तिने पिवळा फ्रॉक घातला होता. त्या दिवशी मी फार खूश होतो. शेंडा पाहिला, साल पाहिली, फांद्यांमधलं अंतर पाहिलं, फक्त खाली वाकून पाय तेवढा पाहिला नाही.

तो पाहिला रॉइस गॅडिसने. रॉइस माझ्याकडे सहा वर्षं कामाला होता, पस्तिशीचा, हाडकुळा, तोंडातून शब्द काढायचा तर जणू स्वतःचा दात काढून द्यायचाय असा माणूस. ट्रक वाटेत बंद पडला, म्हणून झाडं शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी आली, गोणपाटात बांधलेल्या मुळांच्या गोळ्यांसकट. रविवारी सकाळी अकराला झाडांचा अर्पणविधी होता. बाहेरगावचे मोठे पास्टर येणार होते, नऊजणी पांढऱ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसणार होत्या. खड्डे आधीच खणून तयार होते. रॉइसने एका गोळ्यात बोट घातलं, मनगटाच्या वरपर्यंत हात गेला असेल, आणि म्हणाला, "मिस्टर टिलरी, पाय वीतभर खाली आहे. नर्सरीवाल्यांनी नांगरताना माती चढवलीय. आतली मुळं गोल फिरायला लागलीत. वरची माती काढायला पाहिजे." मला ते कळत होतं. त्या काळात निम्म्याहून जास्त लोकांना कळत नव्हतं, मला कळत होतं. पण नऊ झाडं, एकेकाला दीड-दोन तास, आणि सूर्य डोक्यावरून उतरलेला. मी त्याला म्हणालो, रॉइस, झाडाला काय कळतंय, लाव गपचूप. तो लावत राहिला. संध्याकाळी मी अंघोळीला घरी गेलो, तो पाणी घालायला मागे राहिला. रविवारी तो कार्यक्रमाला आला नाही. सोमवारी दहा वाजता उगवला, हात सुजलेले, डोळे लाल, आणि ट्रकमध्ये बसल्या बसल्या झोपला. मी त्याला हलवून उठवलं, शनिवारची मजुरी हातावर ठेवली आणि सांगितलं की दारुडे मला चालत नाहीत. त्याने पैसे न मोजता खिशात घातले. मग टोपी घालून चालत गेला. तो दारू पीत नव्हता हे मला माहीत होतं. पण त्याने मला तो पाय दाखवला होता, आणि तो समोर असता तर मला रोज तो पाय दिसला असता.

गुरुवारी पास्टर किंब्रो मला घ्यायला आले. पोरगेला माणूस, चौतीस वर्षांचा, पण समजूतदार. व्हर्लीन जाऊन दीड वर्ष झालं, चर्चने तिच्या नावाने दहावा ओक लावायचं ठरवलं होतं, आणि तो मीच निवडायचा होता. नर्सरी तीच, ओळी त्याच, फक्त मालकाचा मुलगा आता मालक. या वेळी पांढरा ओकच घ्यायचा होता, आता मला सावलीची घाई नव्हती. मी एका झाडापाशी गुडघे टेकले आणि माती उकरायला लागलो. दोन बोटं गेली नाहीत तोच पाय लागला, रुंद, स्वच्छ, मुळं सरळ बाहेर पडलेली. काय झाड होतं! मालकाच्या मुलाने फीत पुढे केली. आणि माझा हात उठेना. मला व्हर्लीनचा पिवळा फ्रॉक दिसत होता आणि माझ्याच बोटांनी तिच्या झाडाची एवढी काळजी घेतली याची मला किळस आली, कारण त्या नऊजणींच्या झाडांची घेतली नव्हती. मी तिथेच, गुडघ्यांवरच, पास्टरांना सगळं सांगून टाकलं. शनिवार, ट्रक, रॉइसने घातलेलं बोट, मंगळवारी सापडलेलं मूळ. ते शेजारी मातीत बसले, चांगली पँट होती तरी बसले. मी चर्चचा डीकन, म्हणजे सेवक-पंच, म्हणून ते मला नावाने हाक मारत नाहीत. मग हळूच म्हणाले, "डीकन, तुम्ही एकच झाड पाहिलंय. बाकीच्या आठांचे ढीग सारून बघायचे का आधी?"

मला राग आला. खरं सांगतो, एवढ्या पश्चात्तापातही मला राग आला. मी म्हणालो, "पास्टर, ती झाडं मी लावलीत. माझ्या हातांनी काय केलं ते मला विचारताय?" ते ओशाळले आणि माफी मागायला लागले. एका ढिगाला बाजूला सारायला पाच मिनिटं लागतात. आठ ढिगांना चाळीस मिनिटं. शहरातून झाडांचा डॉक्टर बोलवावा असंही ते चाचरत म्हणाले, त्यावरही मी म्हणालो, मग मी कोण आहे? का कोण जाणे, मला ती खात्री हवी होती. चोवीस वर्षं एक गुन्हा छातीवर घेऊन बसलेल्या माणसाला कोणी म्हणावं की बाबा, तुझा गुन्हा नऊपट नाही, एकपटच असेल कदाचित, तर त्याला बरं वाटत नाही. मला तरी नाही वाटलं.

रविवारी मी उपासनेनंतर उठून उभा राहिलो. दोनशे नाही, पण एकशे वीस माणसं असतील. लोकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. मी काही लपवलं नाही. घाई सांगितली, अहंकार सांगितला, रॉइसचं नाव घेऊन सांगितलं की त्याने मला बजावलं होतं आणि मी त्याला हाकलून दिलं. सांगितलं की नऊही झाडं गळफास लागलेली आहेत, कुठलं कधी पडेल याचा नेम नाही, आणि ती सप्टेंबरच्या जेवणाआधी काढलीच पाहिजेत. बोलताना माझा आवाज फुटला आणि मला कबूल करायला पाहिजे की त्या फुटण्यात सुख होतं. आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं. मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं, मग आणखी कोणी. माणसं पुढे येऊन माझे खांदे दाबून गेली. एकटी सिस्टर ओझेला बसून राहिली. ओझेला म्हणजे मदर हेस्टरची मुलगी, आता स्वतःच एकोणऐंशीची. तिची आई चौथ्या झाडाची सावली खरोखर बघून गेली, शेवटच्या उन्हाळ्यात तिला खुर्चीसकट उचलून खाली आणून बसवायचे. ओझेला रोज सकाळी तिथे जाते, बुंध्याला हात लावते, आईशी चार गोष्टी बोलते. गावात सगळ्यांना ते माहीत आहे, कोणी हसत नाही. सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता थोबाडीत मारणार. ती म्हणाली, "ऑस्बर्न, तुला अगदी नक्की ठाऊक आहे ना? कारण माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही."

मी म्हणालो, "ओझेला, मला ठाऊक नसतं तर मी एवढ्या लोकांपुढे स्वतःचं नाक कापून घेतलं असतं का?"

ती मान हलवत म्हणाली, मग पोरांच्या जिवापुढे काय, काढा. आणि हातातल्या रुमालाची घडी करत बसली.

शनिवारी पुरुषमंडळी करवती घेऊन आली. पायऱ्यांजवळचं झाड आधी पाडलं. बुंध्याशी खणून मी सगळ्यांना ते मूळ दाखवलं, खोडात चार बोटं रुतलेलं. एका बाईने आपल्या पोराला पोटाशी ओढलं, आणि पास्टर किंब्रो माझ्याकडे बघून म्हणाले, देवाने तुमच्याकडून वेळेवर बोलून घेतलं. त्यानंतर कोणाला शंका उरली नाही. बाकीची आठ ढिगांच्या वरच कापली, कारण भुग्यात खडे असतात आणि करवतीचे दात जातात. दुपारी चारपर्यंत आवारात आडवी खोडं आणि नुसता उजेड. एवढा उजेड मी तिथे कधी पाहिला नव्हता. चर्चची भिंत किती मळकी होती ते त्या दिवशी कळलं. ओझेलाने लिंबाचं सरबत आणून सगळ्यांना दिलं. मलाही दिलं, पेला काठोकाठ भरून.

सोमवारी सकाळी बुंधे भरडायचं यंत्र यायचं होतं. खडे लागले तर त्याचेही दात मोडतात, म्हणून ढीग साफ करायला मी सातलाच एकटा फावडं घेऊन गेलो. दुसऱ्या झाडाचा भुगा ओढला. ओढला, आणखी ओढला, आणि फावडं कशाला तरी लागून सरकलं. पाय होता. रुंद, स्वच्छ, चारी बाजूंना फाकलेला, जमिनीच्या वर. मूळ एकही आडवं नाही. मी तिसऱ्याकडे गेलो. तिसऱ्यालाही पाय होता. पाचवं, सहावं, मी आता पळत होतो, या वयात, फावडं टाकून हातांनीच उपसत होतो. सगळ्यांना पाय होते. एका ठिकाणी सालीत जुनी खूण होती, आडवं मूळ छाटून टाकल्याची, धारदार हत्याराने, अगदी सफाईने, आणि ती जखम केव्हाच भरून आलेली. मग मला तो रविवार आठवला. अर्पणविधीच्या सकाळी आठ झाडांभोवती रुंद, उथळ आळी केलेली होती. पाणी धरायला केली असतील असं मला वाटलं होतं. पायऱ्यांजवळच्या नवव्याला आळं नव्हतं, तोवर खुर्च्या मांडायला बायका आल्या असतील आणि त्याला थांबावं लागलं असेल. शनिवार संध्याकाळपासून रविवार उजाडेपर्यंत रॉइस एकटा, गोळ्यांवरची माती काढत, गोल फिरलेली मुळं कापत, एकेक पाय मोकळा करत बसला होता. आणि सोमवारी मी त्याला दारुड्या म्हणालो आणि तो काही बोलला नाही. मी चौथ्या बुंध्यापाशी बसलो. आठ निरोगी झाडं. शंभर वर्षं उभी राहिली असती. चाळीस मिनिटं.

फाटकापाशी यंत्राची गाडी थांबली. तिच्या मागून पास्टर आणि त्यांच्या दंडाला धरून ओझेला येताना दिसली. मला उठून ढीग परत लोटायला वेळ होता. आणि सांगायलाही वेळ होता, दोन वाक्यांत सांगून झालं असतं. आठ दिवसांपूर्वी एकशे वीस लोकांपुढे मला जीभ होती. आता तीनच माणसं होती आणि मी त्यांच्या बुटांकडे बघत बसलो. ओझेला सरळ चौथ्या झाडापाशी आली, पास्टरांचा हात सोडला आणि खाली वाकून बघायला लागली. तिच्या आईच्या झाडाची मुळं मी हातभर उघडी करून ठेवली होती, मांडीएवढी जाड, जमिनीला घट्ट धरून बसलेली. तिने एकावर तळवा ठेवला.

"देवा रे, केवढी ही," ती म्हणाली. "यांनीच का रे तिचा गळा आवळला?"

पास्टर माझ्याकडे बघत होते. एवढ्या मोठ्या झाडाची निरोगी मुळं कशी दिसतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग माझा मातीने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाबला, आणि म्हणाली, "तू बोललास म्हणून, ऑस्बर्न. नाहीतर एखादं पोर गेलं असतं." तिचे डोळे भरले होते. तिने यंत्रवाल्याला आपणच हाक मारली आणि सांगितलं की आईच्या झाडापासून सुरुवात करा, मला थांबून बघायचंय. त्याने यंत्र चालू केलं. मी ओझेलाला धरून थोडं मागे घेतलं, कारण लाकडाचे तुकडे फार लांब उडतात.